रेगेन्सबर्गची चांदी

माझ्या बहिणीच्या घरात टीव्हीच्या वरच्या भिंतीवर देवाचा फोटो नाही, भाऊजींचा आहे. येनाच्या स्थानिक वर्तमानपत्रातलं कात्रण, मोठं करून फ्रेममध्ये घातलेलं. शेतात एक खड्डा, खड्ड्याशेजारी गुडघ्यावर बसलेले शिरीषभाऊजी, एका हातात मेटल डिटेक्टर, दुसऱ्या हाताचं बोट खड्ड्याकडे. मथळा जर्मनमध्ये आहे, पण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भाऊजी तो मराठीत वाचून दाखवतात, 'भारतीय सॉफ्टवेअर इंजिनिअरला सापडला आठशे वर्षांपूर्वीचा खजिना.' पाहुणे वा वा करतात. मी त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उगाच फ्रिज उघडते.

मला हा माणूस आवडत नाही. मी जर्मनीत शिकायला आले तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्याकडे राहिले. त्या तीन महिन्यांचे उपकार ते अजून वसूल करतायत. 'हिला मी आणलं इथे,' हे वाक्य मी मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ऐकलंय. मी आंघोळीला गेले की किती मिनिटं झाली हे ते दाराबाहेरून ओरडून सांगायचे, आणि माझी ताई स्नेहलता, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, खाली मान घालून पोळ्या लाटत राहायची. तिचा मला जास्त राग यायचा. माणसाने इतकं गरीब गाईसारखं का असावं, हे मला कळत नसे.

मी नाणी साफ करते. हे सांगितलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर चिंच, मीठ आणि लखलखणारं ताम्हण येतं. आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी दार दाखवतील. जमिनीतून निघालेलं नाणं मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, आणि लाकडी काडी, डिस्टिल्ड पाणी, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर अल्कोहोल एवढ्यावर त्याच्या अंगावरची माती कणाकणाने सोडवायची. एका नाण्याला कधी अख्खा दिवस जातो. निघालेली मातीसुद्धा फेकायची नाही. वापरलेला कापसाचा बोळाही नंबर घालून पिशवीत ठेवायचा. येनात नदीकाठच्या एका जुन्या गिरणीत आमचं वर्कशॉप आहे. चार माणसं काम करतो. प्रमुख आहेत फ्राऊ लेमके, म्हणजे लेमकेबाई, आणि त्याच माझ्या पीएचडीच्या गाईड.

माझी पीएचडी भाऊजींच्या नाण्यांवर आहे, हे माझं नशीब.

झालं असं, की साडेतीन वर्षांपूर्वी भाऊजींनी रेगेन्सबर्गमधली नोकरी सोडली आणि ते येनाला आले. रेगेन्सबर्गला असताना त्यांना डिटेक्टरचं वेड लागलं होतं. इथे परवान्याशिवाय शेतात डिटेक्टर फिरवता येत नाही, म्हणून मी त्यांना परवान्याचा फॉर्म भरून दिला. परवाना मिळाला आणि महिन्याभरात, मार्चमध्ये, त्यांना एका शेतात नाणी लागली. नियम असा, की काही लागलं की खणणं थांबवायचं, कशाला हात लावायचा नाही, फोन करायचा. भाऊजींनी बरोब्बर तसंच केलं. ज्या माणसाला आजतागायत ओला कचरा आणि कागद वेगळे ठेवायला जमलेलं नाही, त्याने नियम असा पाठ केल्यासारखा पाळला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या, त्यांनी स्वतःच्या हाताने सुटी नाणी उचलली आणि मुठीएवढा एक चिकटलेला गोळा मातीसकट प्लास्टरमध्ये बांधून थेट आमच्याकडे आणला. शोधणाऱ्याने बोटसुद्धा लावलं नाही, म्हणून तर पेपरात एवढं कौतुक.

नाणी चांदीची, पातळ, रेगेन्सबर्गच्या टांकसाळीतली. आठशे वर्षांपूर्वी ती अडीचशे किलोमीटर उत्तरेला, आमच्या जाले नदीच्या खोऱ्यात कशी आली? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. दक्षिणेकडून आलेला व्यापारी, त्याचा रस्ता, त्याचे मुक्काम, आजवर कुणाला माहीत नसलेला व्यापारी मार्ग. तीन वर्षं मी या एका प्रकरणावर घातली. बाकीची प्रकरणं त्याच्यावरच उभी आहेत. प्रबंध सप्टेंबरमध्ये द्यायचा, वर्कशॉपमधलं माझं कंत्राटही सप्टेंबरपर्यंत, आणि व्हिसा कंत्राटाला बांधलेला.

सुटी नाणी माझ्या आधीच्या सहकाऱ्याने निवृत्त होण्यापूर्वी साफ केली होती, अल्कोहोलमध्ये धुऊन. गोळा तेवढा शेवटी ठेवला होता. गंजाने एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवणं हे किचकट काम. या जूनमध्ये ते माझ्याकडे आलं, आणि एका शुक्रवारी दुपारी, अर्धा गोळा सोडवून झाल्यावर, माझ्या हातातला पांढरा बोळा पिवळा झाला.

लोखंडाच्या गंजाने बोळा पिवळट होतो. हा पिवळा तो नव्हता. हा पिवळा मी शेंबडी पोरगी होते तेव्हापासून मला माहीत होता. तरी मी बोळ्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं आणि आईने साबण लावला की डाग लाल व्हायचा, तसा तो लाल झाला. अतिनील दिवा लावला तर नाण्यांच्या फटीतून हिरवट पिवळा उजेड आला.

हळद होती.

पहिल्यांदा मी माझे हात पाहिले. निळे ग्लव्ह्ज होते. पण वर्कशॉपच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर गेल्या वर्षीपासून एक कागद चिकटवलाय, 'उग्र मसाल्याचे पदार्थ मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत.' नाव कुणाचंच नाही. चौघांत मसाला खाणारी मी एकटी, नाव कशाला लागतंय? म्हणून आधी माझाच संशय मला आला. मग नीट पाहिलं. हळद वरच्या बाजूला नव्हती. जिथे माझी काडी आजवर पोचलीच नव्हती, त्या आतल्या फटीत, मातीच्या थराखाली होती. मी लावलेली नव्हती. खात्याच्या बाईंनी लावणं शक्य नव्हतं. म्हणजे हा गोळा त्या शेतात सापडण्याआधीच कुणीतरी त्याला हळद लावली होती. आणि येनाच्या पंचक्रोशीत सापडलेल्या खजिन्याला हळद लावणारं घर मला एकच माहीत होतं.

रविवारी मी ट्रामने लोबेडाला, ताईच्या घरी गेले. भाऊजी खाली गाडी धूत होते. ताई स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती, आणि तिची नऊ वर्षांची ईप्सिता टेबलाशी बसून त्या खात होती.

"ताई, त्या नाण्यांची तू पूजा केली होतीस?" मी सरळ विचारलं.

तिचं लाटणं थांबलं. "कुठल्या गं?"

"फ्रेममधल्या."

"ती तर थेट खात्याने नेली ना."

"त्याच्या आधी, ताई."

तिने ईप्सिताकडे पाहिलं. "ईपू, आत जाऊन खेळ जरा."

"आई, वास इस्ट लोस?" काय झालं, असं विचारत ती पुरी घेऊन उठली.

"काही नाही. जा." मग आवाज खाली आणून ताई म्हणाली, "रेगेन्सबर्गला असताना. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हे जंगलातून घेऊन आले. कुठलीशी पडकी गढी आहे, तिच्या पायथ्याशी. चिखलाचा गोळा होता नुसता आणि थोडी सुटी. म्हटलं, लक्ष्मी आपल्या पायाने घरात आलीय, तशीच कशी ठेवायची? पंचामृताने आंघोळ घातली, साग्रसंगीत पूजा केली. हे पण बसले होते शेजारी सोवळ्यात. का? काय झालं?"

काय झालं हे मला एका क्षणात सगळं दिसलं, आणि मी खुर्चीवर बसले. रेगेन्सबर्गची चांदी येनापर्यंत कुठल्याही व्यापाऱ्याच्या खेचरावरून आली नव्हती. भाऊजींच्या गाडीच्या डिकीतून, सामानाच्या टेम्पोच्या मागोमाग आली होती. माझा व्यापारी मार्ग म्हणजे इथला हायवे होता.

"बहिणीबहिणींचं काय चाललंय?" दारात भाऊजी उभे होते, हातात ओलं फडकं.

"तुम्ही ती नाणी त्या शेतात पुरलीत आणि स्वतःच उकरून काढलीत," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, निदान चेहरा तरी पडेल. त्यांनी फडकं सिंकमध्ये पिळलं, नीट घडी घातली आणि समोर बसले.

"आल्झो, हे बघ. हळू बोल, खिडकी उघडी आहे. तिकडे माझ्याकडे परवाना नव्हता. सांगितलं असतं तर नाणी गेली असती आणि वर केस झाली असती. म्हणून थांबलो. इथे परवाना मिळाला. फॉर्म कुणी भरला? तू भरलास."

"मला काय माहीत तुमच्या डिकीत काय आहे!"

"तेच म्हणतोय. तुला माहीत नव्हतं, अजूनही माहीत नाही असं समज. जंगलात पडून होती, कुत्रं विचारत नव्हतं त्यांना. मी त्यांना पत्ता दिला. तुला विषय दिला. त्याच्यावर डॉक्टर होतेयस तू."

"भाऊजी, नाणं कुठे सापडलं हेच तर सगळं असतं! जागा खोटी म्हणजे माझं लिहिलेलं सगळं खोटं!"

"मग कुणाला सांगणार आहेस?" ते हसले. खरोखर हसले. "स्वतःच्या प्रबंधाची होळी करणार? कापसाने पुसतेस ना तू? मग पूस. कामच आहे तुझं."

"आणि नाही पुसलं तर?"

"तर मला काही माहीत नाही. खात्याच्या बाईने स्वतः उचललं, मी हात लावला नाही, पेपरात फोटो आहे. तीन वर्षं ते कुणाच्या ताब्यात आहे? तुमच्या. त्या वर्कशॉपमध्ये डब्यात वरणभात कोण घेऊन जातं? ती जर्मन म्हातारी नेते का? हळद लागली म्हटल्यावर त्या कुणाच्या बोटांकडे बघतील, तूच सांग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्यांनी फ्रिजवरचा तो कागद पाहिला नव्हता, आणि तरी त्यांना माहीत होता.

मग त्यांनी ताईकडे मोर्चा वळवला. "आणि तू! तुला कुणी सांगितलं होतं हळदी फासायला? अक्कल नावाची गोष्ट आहे का?"

"अहो, तुम्हीच तर म्हणालात मुहूर्त चांगला आहे..."

"तोंड वर करून बोलू नकोस."

ताईने मान खाली घातली आणि पुरी लाटायला घेतली. मी पर्स उचलली. ती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली, पिठाच्या हातांनी माझा दंड धरला. "वीणा, पुसून टाक गं. तुझंही निभेल, माझंही. नाहीतर हे मला जगू देणार नाहीत."

मी तिचा हात झटकला. मला त्या घराची, त्या माणसाची आणि त्या पिठाच्या हातांची, सगळ्याचीच किळस आली होती.

सोमवारी मी साडेसातला वर्कशॉपमध्ये गेले. कुणी आलं नव्हतं. मी अल्कोहोलची बाटली काढली, एक नाणं मायक्रोस्कोपखाली घेतलं आणि पुसलं. हो, पुसलं. दोन मिनिटांत पिवळं गेलं. दिवा लावून पाहिलं, काही चमकलं नाही. इतकं सोपं होतं. राहिलेल्या फटींमध्ये मी पिपेटने अल्कोहोल सोडलं, दोनदा. मनात म्हणत होते, तीन वर्षं माझी आहेत, त्या माणसाच्या पापासाठी मी का मरू? सप्टेंबरमध्ये प्रबंध देईन आणि पुन्हा त्यांचं तोंड पाहणार नाही. आणि त्याच वेळी मला कळत होतं, की यापुढे जन्मभर मी त्यांच्या मुठीत राहणार. प्रत्येक गणपतीत ते म्हणतील, हिला मी डॉक्टर केलं. आणि ते खरं असेल.

"फ्राऊ सबनीस."

फ्राऊ लेमके माझ्यामागे उभ्या होत्या. साठीच्या, आखूड पांढरे केस, पहिली कॉफी होईपर्यंत कुणाशी न बोलणाऱ्या. आज कॉफी झालेली नव्हती. त्यांच्या हातात शुक्रवारच्या बोळ्यांची पिशवी होती, माझ्याच अक्षरात नंबर घातलेली.

"हा बोळा दिव्याखाली चमकतोय. हे काय आहे?"

"कुर्कुमा," मी म्हटलं. हळदीला जर्मनमध्ये हाच शब्द आहे, आणि माझ्या तोंडून तो गुन्हा कबूल केल्यासारखा आला.

"तुम्ही जेवणात घालता ते?"

"हो."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. भाऊजींनी सांगितलं होतं अगदी तसं. मी चिडले, आणि चिडल्यामुळेच मला बोलता आलं, नाहीतर मी मूग गिळून बसले असते. मी सगळं सांगितलं. रेगेन्सबर्गचं जंगल, लक्ष्मीपूजन, डिकी, शेत. लक्ष्मीपूजन म्हणजे काय हे सांगताना माझी जीभ अडखळली. आपल्या घरातली पूजा परक्या बाईसमोर पुरावा म्हणून मांडायची वेळ कुणावर येऊ नये.

"तुमचे मेहुणे हे मान्य करतील?"

"नाही. ते म्हणतील मीच जेवणाच्या हातांनी घाण केली."

"मलाही आधी तेच वाटलं," त्या म्हणाल्या. माफी वगैरे नाही. "हे नाणं तुम्ही आता साफ केलंत?"

"पुसलं."

"कशासाठी?"

खोटं सांगता आलं असतं. "पुरावा जावा म्हणून. आणि आतल्या फटींत अल्कोहोलही सोडलंय."

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "मग मी तुमच्यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका. राहिलेला अर्धा गोळा मी अजून सोडवलेला नाही. तुम्ही सोडवा, तुमच्या हातांनी. मी दाराशी उभी राहते."

"आत काही सापडलं तर तुमचं तिसरं प्रकरण संपलं. कळतंय ना?"

"हो."

"आणि काही सापडलं नाही तर तुम्ही माझ्या वर्कशॉपमधला एक महत्त्वाचा ठेवा खराब केलात आणि वर लपवायला गेलात."

"हो."

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं म्हणत त्यांनी ग्लव्ह्ज घातले.

फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपचा कॅमेरा स्क्रीनला जोडला. मी दाराशी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसं वाटत होतं. त्यांनी घाई केली नाही. एक कण, एक डबी, एक नंबर. दहाच्या सुमाराला त्यांनी खोली अंधारी करून दिवा लावला, आणि स्क्रीनवर नाण्यांच्या मधली रेघ पिवळी चमकली. माझ्या तोंडून "बघा!" निघालं.

"काय बघू?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "अल्कोहोल आत झिरपतं आणि रंग बरोबर घेऊन जातं. सकाळी तुम्हीच सोडलंय. हे पुरत नाही."

मला रडू यायला लागलं. वाट्टेल ते झालं तरी या बाईसमोर रडायचं नाही, म्हणून मी ओठ चावला. भाऊजींना काही करावंच लागलं नव्हतं. त्यांनी सांगितलं पूस, आणि मी पुसलं. माझ्याच हातांनी मी माझी साक्ष बुडवली होती. आता ठेवा खराब करणारी, मसाल्याच्या बोटांची, खोटारडी बाई म्हणून मला इथून जावं लागणार होतं, आणि ते त्या फ्रेमखाली उभे राहून पाहुण्यांना मथळा वाचून दाखवणार होते.

फ्राऊ लेमके काम करत राहिल्या. जेवणाची वेळ झाली, कुणी उठलं नाही. तळाकडून तिसरं नाणं सुटत नव्हतं. त्यांनी काडी बाजूला ठेवून सुई घेतली, मातीचा एक घट्ट पापुद्रा उचलला आणि थांबल्या.

"धान्य आहे," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला. नाण्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं, आणि तांब्याच्या गंजाला चिकटलेलं धान्य किंवा कापड शेकडो वर्षं टिकतं, आणि त्या काळचं धान्य मिळणं म्हणजे आमच्या धंद्यातली मोठी मेजवानी. "गंजाने नाण्याला पक्कं धरलंय. गहू नाही. राय नाही. हे काय आहे?"

त्यांनी मोठं करत करत स्क्रीन भरून टाकला. लांबट दाणा, एक टोक किंचित मोडलेलं. खालची बाजू गंजाने हिरवी. वरची बाजू लाल.

मी दारातूनच ओळखला. "तांदूळ."

"इथे? आठशे वर्षांपूर्वी?"

"नाही. त्याला अक्षता म्हणतात. तांदळाला कुंकू चोळतात आणि पूजेत देवावर टाकतात. माझ्या बहिणीने टाकलाय."

फ्राऊ लेमकेंनी सुई ठेवली. दाण्याचा वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्यायला लावला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"हा दाणा मातीच्या थराखाली होता आणि गंजात रुतलेला आहे. तुमच्या डब्यातून तो इथे येणं शक्य नाही," त्या म्हणाल्या. सांत्वन नव्हतं ते, निष्कर्ष होता. मग म्हणाल्या, "तुमचं तिसरं प्रकरण गेलं, फ्राऊ सबनीस."

"हो."

"मुदतवाढीसाठी पत्र देईन. मिळेल की नाही, सांगत नाही. आणि सकाळी जे केलंत ते मी पत्रात लिहिणार आहे."

"लिहा."

त्यांनी त्याच दुपारी खात्याला कळवलं. बुधवारी दोन माणसं लोबेडाला भाऊजींच्या घरी जाऊन आली, डिटेक्टर घेऊन गेली. पंधरा वर्षांपूर्वी लग्नात ज्याच्या पाया पडले होते त्या माणसाचा त्या रात्री मला सतरा ओळींचा मेसेज आला. त्यातला 'कृतघ्न' हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द. मी उत्तर दिलं नाही. प्रबंधाची फाईल उघडली, तिसरं प्रकरण एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं, आणि जे उरलं ते वाचून पाहिलं. उरलं फारसं काही नव्हतं.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. मागे ट्रॉल्यांचा खडखडाट होता. सुपरमार्केटच्या बाहेरून बोलत होती.

"हे म्हणतात, तू आमचं घर उद्ध्वस्त केलंस."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "तो तांदूळ होता म्हणे आत. खात्याच्या लोकांनी फोटो दाखवला."

"हो. तो नसता तर आज मी चोर ठरले असते."

"वीणा, एक सांगू? कुणाला बोलू नकोस." तिने आवाज इतका खाली आणला की मी फोन कानावर दाबला. "पुरायला नेण्याआधी ह्यांनी तो गोळा माझ्या हातात दिला होता. म्हणाले, ब्रश घे, साबण घे, तुझा तो सगळा पसारा काढ, एक कण राहता कामा नये. मग आम्ही वरून तिथली माती थापू."

"मग?"

"जानेवारी होता तो. बाबांचं ऑपरेशन होतं बघ. तू भारतात गेली होतीस. मला नाही जाऊ दिलं. म्हणाले, तू जाऊन काय दिवे लावणार आहेस."

मला आठवलं. हॉस्पिटलमध्ये बाबा दर तासाला विचारत होते, स्नेहू कधी येतेय.

"मी बाथरूममध्ये गेले," ताई म्हणाली, "कडी लावली, नळ मोठा सोडला आणि टबाच्या काठावर बसून राहिले. चांगली दहा मिनिटं. ब्रश ओला करून ठेवला. गोळ्याला हातसुद्धा लावला नाही. ह्यांनी घाईघाईत अंधारात माती थापली, ह्यांना काय दिसणार?"

"का पण?"

"म्हटलं, कधीतरी कुणीतरी उघडून बघेल. पडू दे एकदा तोंडघशी, चारचौघांत."

मी ओरडलेच. "ताई, माझी तीन वर्षं गेली त्याच्यात!"

"ते मला तेव्हा काय माहीत गं, की तो गोळा फिरून तुझ्याच टेबलावर येणार?"

"आणि रविवारी मला सांगत होतीस पुसून टाक म्हणून!"

"हे आत कान टवकारून बसले होते, आणखी काय सांगणार होते? म्हटलं, तू काही पुसणार नाहीस. तू लहानपणापासून कुणाचं ऐकलंयस कधी?"

मी पुसलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. मला तिच्या एक सणसणीत थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते, की त्या माणसाचा तिरस्कार करणारी त्या घरात मी एकटीच आहे.